खाडीचें पाणी आणि कागदांतील मिति

कोंकणांतील जुन्या कागदांत गलबतांची ये-जा पदोपदीं येते. अमुक बंदरीं तारूं लागलें, अमुक खाडींतून गल्ला वर नेला, आरमार छावणीस आंत घेतलें, असे उल्लेख दप्तरांत विपुल आहेत. असा कागद हातीं आला म्हणजे आपण संशोधक त्याचें वळण, शिक्का, मोर्तब, मायने व शाई पाहतों, आणि मिति जंत्रीशीं ताडून वार जुळतो कीं नाहीं तें पाहतों. परंतु त्या दिवशीं, त्या प्रहरीं, त्या खाडींत तारूं तरंगण्याइतकें पाणी होतें काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक नाखव्याच्या मनांत हाच प्रश्न सर्वांआधीं येई, आणि त्याचें उत्तर मिळाल्यावांचून तो दोर सोडीत नसे. नाखव्याची ही तपासणी कशी होत असे, आज ती कशी होते, व तिचा उपयोग मितिनिर्णयाकडे कसा करून घेतां येतो, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

कोंकणच्या खाड्या म्हणजे नद्यांचीं बुडालेलीं मुखें. सह्याद्रीवरून उतरलेल्या नद्या आखूड, आणि पावसाळा सरला म्हणजे त्यांत स्वतःचें पाणी नांवापुरतें उरतें. मग अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या खालच्या पात्रांत जें पाणी चढतें-उतरतें तें समुद्राचें. नागोठणें, गोवळकोट, संगमेश्वर, राजापूर हीं गांवें समुद्रापासून कोसगणतीं आंत असूनहि बंदरें म्हणून नांवाजलीं तीं भरतीच्या जोरावर. भरतीबरोबर वर जावयाचें, माल उतरावयाचा, आणि ओहोटीबरोबर खालीं यावयाचें. वारा नसला तरी हें काम चाले. पाणी नसलें तर मात्र वारा कितीहि अनुकूल असून उपयोग नाहीं. राजापुरास धक्क्याशीं लागावयाचें तें भरतीच्या तोंडावरच. एरवीं माल जैतापुराकडे उतरवून लहान होड्यांनीं वर न्यावा लागे.

आतां पाणी किती व केव्हां. आपल्या किनाऱ्यावर दिवसांतून दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून दुसरी सुमारें बारा तास पंचवीस मिनिटांनीं येते, म्हणून आजची भरती उद्यां पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेंत येऊन पाण्याची चढउतर मोठी होते, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास त्या ओढी एकमेकींस काटकोनांत पडून चढउतर लहान होते, तो भांग. उधाणाचा खरा जोर मात्र पर्वदिवशींच नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनीं येतो, हें ध्यानांत ठेवावें.

आंकड्यांनीं हा फरक किती, हें मुंबईच्या अपोलो बंदरावरून कळतें. तेथें १८७८ पासून भरतिमापक यंत्रानें पाण्याची नोंद ठेवण्यांत येत आली आहे. नकाशांतील खोलीचा जो शून्य धरला आहे त्याच्यावर उधाणाची सरासरी भरती ४.४२ मीटर व ओहोटी ०.७६ मीटर, भांगाची भरती ३.३० मीटर व ओहोटी १.८६ मीटर. म्हणजे उधाणास पाणी ३.६६ मीटर, सुमारें आठ हात, हालतें आणि भांगास १.४४ मीटर, सुमारें तीन हात. उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे ही चढउतर वाढत जाऊन भावनगरास दहा मीटरांच्या घरांत जाते, आणि दक्षिणेस गोव्यापर्यंत कमी होत होत मुंबईच्या निम्म्याच्या आसपास येते. तेव्हां मुंबईचे आंकडे मालवणास जसेच्या तसे लावूं नयेत. वेळेचेंहि तसेंच, रत्नागिरी-गोव्याकडे भरती मुंबईच्या कांहीं वेळ आधीं येते.

वेळ काढण्याची कोंकणांतील रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करावी, जितके तास येतील तितके वाजतां भरती पूर्ण होते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. दिवसा तशीच रात्रीं. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच, पर्वापासून पुन्हां आरंभ. घड्याळें नव्हतीं तेव्हां हाच हिशेब घटिकांत याहूनहि सुटसुटीत होई. साठ घटिकांच्या अहोरात्रांत तीस तिथींचा फेरा वांटला कीं तिथीस दोन घटिका येतात. मध्याह्नापासून तिथीच्या दुप्पट घटिका मोजल्या कीं भरती. दोन घटिका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटें. पाऊणपटीपेक्षां हें मान किंचित् अधिक व प्रत्यक्षास अधिक जवळ आहे. पंचांग हें नाखव्यापाशीं मुहूर्तासाठीं असे अशी आपली समजूत असते. पण खाडीच्या नाखव्यास तें पाण्याचें कोष्टकच होतें. अर्थात् हा नियम ढोबळ आहे. त्यांत अर्धा-पाऊण तासाची, प्रसंगीं तासाचीहि चूक पडते, कारण सूर्याच्या ओढीमुळें भरतीची वेळ मागेंपुढें सरते.

या नियमांतून एक गोष्ट निघते ती संशोधकानें विशेष लक्षांत घ्यावी. उधाणाची भरती आपल्या किनाऱ्यास नेहमीं मध्याह्नीं व मध्यरात्रीं येते, आणि उधाणाची ओहोटी, म्हणजे महिन्यांतील सर्वांत नीच पाणी, नेहमीं सकाळ-संध्याकाळीं. भांगास याच्या उलट. भरती सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास, ओहोटी भर दुपारीं. उधाणाची भरती सूर्योदयास आली, असें मुंबई-चौलाकडे कधीं घडत नाहीं. म्हणून एखाद्या बखरींत उधाणाच्या भरतीवर पहांटे गलबतें खाडींत घातल्याचें वर्णन असेल तर, मिति मुळींच दिलेली नसली तरी, तो मजकूर पाणी पाहिलेल्या माणसाचा नाहीं असें समजण्यास हरकत नाहीं. अलिबागेचा कुलाबा किल्ला ओहोटीस पायीं जाऊन पाहतात. तेथेंहि हाच अनुभव येतो. दुपारची सोईची ओहोटी भांगाची असते व त्या वेळीं वाट पुरती कोरडी पडेलच असें नाहीं. स्वच्छ उघडी वाट हवी तर उजाडतां किंवा मावळतां जावें लागतें.

आतां कागदांकडे वळूं. मराठी पत्रांत मिति दोन प्रकारें येते. एक शक, मास, पक्ष, तिथि अशी. तींत तिथि समोरच आहे. दुसरी शुहूर सनाची, ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याचा दिवस देणारी. छ म्हणजे चंद्र. शुहूर सन हा सौर आहे, मृगापासून बदलतो. पण त्यांतला दिवस हिजरी महिन्याचा, म्हणजे निखालस चांद्र. हा महिना चंद्रदर्शनानें लागतो, आणि दर्शन बहुधा शुद्ध द्वितीयेच्या सुमारास होतें. म्हणून छ च्या आंकड्यांत एक मिळविला कीं तिथि साधारणपणें हातीं येते. छ १४ म्हटलें कीं पौर्णिमा, म्हणजे उधाण. छ ७ किंवा छ २२ म्हटलें कीं भांग. ही मिति वाचतांना आपण घाईघाईनें जंत्रीकडे वळून इंग्रजी तारीख काढतों व छ चा आंकडा विसरून जातों. पाण्यापुरतें पाहिलें तर इंग्रजी तारखेचें कामच नाहीं. चंद्र मूळ कागदांतच बसलेला आहे. साल फाटून गेलें असलें, महिना वाळवीनें खाल्ला असला, तरी छ चा आंकडा शाबूत असेल तर त्या दिवशींचें पाणी सांगतां येतें.

समजा, एका मोडी पत्रावर छ ८ आहे व मजकुरांत प्रहर दिवसास भरलेलीं गलबतें खाडींतून वर नेल्याचें लिहिलें आहे. छ ८ म्हणजे शुद्ध नवमीच्या आसपास. नवाची दुप्पट अठरा घटिका, म्हणजे मध्याह्नानंतर सात तास बारा मिनिटें. संध्याकाळीं सातच्या पुढें एक भरती व सकाळीं सातच्या आंत-बाहेर दुसरी. प्रहर दिवस म्हणजे नऊचा सुमार. तेव्हां ओहोटी लागून दोन तास झालेले, आणि पाणी भांगाचें. भरलेलें गलबत अशा वेळीं पाण्याविरुद्ध वर जाईल हें संभवत नाहीं. एवढ्यानें पत्र बनावट ठरत नाहीं. मिति पत्र लिहिल्याची असेल व घटना आदल्या कोणत्या दिवशींची असेल. किंवा नक्कल करणारानें २ चा आंकडा गाळून २८ चे ८ केले असतील. परंतु कोठें तरी बोट ठेवून पुन्हां पाहिलें पाहिजे, हें निश्चित.

परभाषेंतील साधनांत हा विचार अधिकच अगत्याचा आहे, कारण तेथें तारीख सौर असून चंद्र लपलेला असतो. त्यांत इंग्रजांचें जुनें पंचांग हा एक सापळा आहे. पोर्तुगीजांनीं १५८२ च्या सुधारणेनंतर नवी गणना घेतली. इंग्रजांनीं ती १७५२ च्या सप्टेंबरांत, २ तारखेनंतर एकदम १४ लिहून, घेतली. तोंपर्यंत मुंबईकर इंग्रजांच्या तारखा सतराव्या शतकांत दहा दिवसांनीं व १७०० नंतर अकरा दिवसांनीं मागें आहेत. उधाणापासून उधाण सुमारें पावणेपंधरा दिवसांचें. दहा-अकरा दिवस विसरले तर तिथि जवळजवळ उलट्या टोंकास जाते. उधाणाचा भांग होतो व भांगाचें उधाण.

वसईचेंच पाहा. किल्ला शरण आला ती तारीख इंग्रजी गणनेनें ५ मे १७३९ व नव्या गणनेनें १६ मे १७३९. त्या मे महिन्यांतली अमावास्या नव्या गणनेनें ७ तारखेच्या सुमाराची. म्हणून १६ मे ही वैशाख शुद्ध अष्टमी-नवमी, निर्भेळ भांग. वसईच्या तिन्ही बाजूंस पाणी व दलदल, त्यामुळें चिमाजीअप्पांचा मारा उत्तरेच्या जमिनीच्या बाजूनें झाला, हें सर्वश्रुत आहे. शेवटचे हल्ले भांगाच्या दिवसांत पडले. ५ मे ही तारीख तशीच जंत्रींत घातली तर चैत्र वद्याचा अखेर येतो आणि उधाण दारांत उभें राहतें. मग त्या दिवसांत खाडींतून कोणतें तारूं कोठें गेलें याविषयीं केलेलें प्रत्येक अनुमान फसतें.

खांदेरीचें उदाहरण याहून बोलकें आहे. १६७९ सालीं शिवाजी महाराजांच्या लोकांनीं खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली, इंग्रजांनीं गलबतें पाठवून बेट अडविलें, आणि १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाचें आरमार इंग्रजांवर चालून आलें. दिवस फटफटतां चौलाच्या बाजूनें किनाऱ्यालगत मराठी गलबतें निघालीं, इंग्रजांस नांगर उचलावयास धड वेळ मिळाला नाहीं, त्यांची ‘डव्ह’ नांवाची गुराब मराठ्यांनीं पकडली व ‘रिव्हेंज’ मात्र लढत राहिली, असा वृत्तांत आहे. आतां १८ ऑक्टोबर ही तारीख जशीच्या तशी धरली तर त्या दिवशीं शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशी येते. उधाण जवळ, भरती सकाळीं दहाच्या पुढें, आणि ओहोटीचा तळ पहांटे चारच्या सुमारास. उजाडतां पाणी नुकतें चढूं लागलेलें. अपोलो बंदराच्या मानानें पाहिलें तर शून्यावर फार तर १.७ मीटर. चौल-नागावच्या उथळ मुखांतून व किनाऱ्यालगतच्या खडपांतून चाळीस-पन्नास गलबतें अशा वेळीं काढणें म्हणजे तीं रुतवून ठेवणें होय.

परंतु तारीख जुन्या गणनेची आहे. दहा दिवस मिळविले कीं २८ ऑक्टोबर येतो, आणि तो अश्विन वद्य अष्टमी-नवमीचा दिवस. त्या दिवशींची भरती सकाळीं साडेसहा-सातच्या सुमारास. उजाडतां पाणी पूर्ण होत आलेलें, सुमारें ३.३ मीटर, म्हणजे वरच्या हिशेबापेक्षां साडेतीन हात अधिक. शिवाय भांग असल्यामुळें प्रवाह मंद. लहान बुडाचीं मराठी गलबतें किनाऱ्यास चिकटून बाहेर काढावयास याहून चांगली वेळ त्या पंधरवड्यांत मिळाली नसती. आणखी असें कीं, वद्य अष्टमीस चंद्र मध्यरात्रींच्या सुमारास उगवतो. म्हणून गलबतें सज्ज करावयास उत्तररात्रीं उजेडहि होता. दौलतखानानें हा दिवस पाणी पाहूनच निवडला असें म्हणावयास कागद पाहिजे, आणि अनुमानावर तेवढा भार आम्ही घालीत नाहीं. इतकें मात्र खरें कीं, गणना सुधारली म्हणजे वृत्तांत पाण्याशीं जुळतो, व न सुधारली तर जुळत नाहीं. तारखेविषयीं आधींच निःशंक असलों तरी अशी दुसरी साक्ष मिळणें मोलाचें आहे, कारण जेथें गणना जुनी कीं नवी हें कागदांत सांगितलेलें नसतें तेथें हीच कसोटी निर्णायक होऊं शकते.

हें गणित करावयास फार साहित्य लागत नाहीं. १७९९ पर्यंतच्या तिथींसाठीं स्वामिकण्णु पिल्ले यांची १९२२ सालची जंत्री पुरेशी आहे. तिथि निघाली कीं दुप्पट घटिका. भरती-ओहोटीच्या मधल्या वेळचें पाणी हवें तर चढउताराचे बारा वाटे करून सहा तासांस अनुक्रमें एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे वांटावे. नाखवे लोक हें हिशेबानें नव्हे तर संवयीनें जाणतात; मधले दोन तास पाणी धांवतें व कडेचे दोन तास आळसावतें.

मात्र या कसोटीच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. समुद्राची सरासरी पातळी मुंबईच्या नोंदींवरून वर्षास सुमारें एक मिलिमीटर वाढलेली दिसते. तीनशें वर्षांच्या हिशेबांतहि ती गोष्ट गौण आहे. गौण नाहीं तो गाळ. सोपारें, चौल, कल्याण, राजापूर, सर्वत्र खाडीचा तळ उचलला आहे. म्हणून आज अमुक ठिकाणीं गलबत जात नाहीं यावरून १६६० सालीं जात नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. भरतीची वेळ व चढउतर तीच, खोली निराळी. दुसरें, खाडींत जसजसें आंत जावें तसतशी भरती उशिरा पोंचते, आणि चढ थोड्या वेळांत व उतार सावकाश होतो. मुखाची वेळ वरच्या बंदरास लावूं नये. तिसरें, पावसाळ्यांत नदीचें पाणी समुद्राच्या हिशेबास जुमानीत नाहीं. आज्ञापत्रांत पावसाळ्यापूर्वीं आरमार छावणीस न्यावयाचा जो उपदेश आहे त्याच्या मागें वाऱ्याइतकेंच हेंहि कारण असावें. वाशिष्ठीची गोष्ट तर आतां वेगळीच झाली आहे. १९६२ पासून कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारें पाणी पश्चिमेकडे उतरून तिला मिळतें, म्हणून उन्हाळ्यांतहि तिचें पात्र पूर्वीसारखें रोड नसतें; चिपळुणास आज जें पाणी दिसतें तें पेशवाईंतल्या कागदांस लावूं नये. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण बुडालें तेव्हां पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वरून पूर व खालून उधाण अशी गांठ पडली म्हणजे पाण्यास वाट उरत नाहीं.

हस्तलिखितांच्या शोधांत खाडीकांठच्या गांवीं होडीनें जाणारे आपल्यांत पुष्कळ आहेत, म्हणून आजच्या तपासणीविषयींहि चार शब्द. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षीं मुख्य बंदरांचीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें छापतो. या कामाचा आरंभ १८७७ च्या सुमाराचा. आणि भाकितें वर्तविण्यासाठीं एडवर्ड रॉबर्ट्स यांनीं आंखलेलें चक्रांचें यंत्र १८७९ सालीं लंडनला केवळ हिंदुस्थानच्या बंदरांकरितां तयार झालें होतें. कोष्टकांतला आंकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ती नकाशाच्या शून्यावरील उंची. नकाशांत त्या जागीं दिलेली खोली तींत मिळवावी, आणि नकाशांत अधोरेखित आंकडा असेल तर तो तळ शून्याच्या वर उघडा पडणारा म्हणून वजा करावा. पुष्कळ लोक येथेंच घोटाळा करतात, आणि दोन मीटर पाणी आहे म्हणून गेलेली होडी चिखलांत बसते. शिवाय कोष्टक हें भाकीत आहे. हवेचा दाब एक मिलिबार उतरला कीं पाणी सुमारें एक सेंटिमीटर चढतें, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा तें आणखी चढवितो. म्हणून हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून लाटांविषयीं व उसळीविषयीं ज्या सूचना निघतात त्याहि पाहाव्या. २०१६ च्या कायद्यानें देशांतील १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यांत अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री व राजपुरी या आपल्या खाड्या आहेत; पण नांव यादींत आलें म्हणून तळचा गाळ निघाला असें नाहीं.

होडी भाड्यानें घेतांना तांडेलास वेळ आपण सांगूं नये, त्यालाच विचारावी. जातांनाची भरती गांठणें सोपें, परतीचें पाणी कोणी पाहत नाहीं. सकाळीं भरतीवर वर गेलों, देवळांतली किंवा वाड्यांतली पेटी उघडली, रुमाल सोडतां सोडतां दुपार झाली, आणि खालीं येऊन पाहावें तों होडी खाजणांत आडवी, असा प्रसंग कागदांच्या नादीं लागलेल्यांवर हमखास येतो. वद्य पंचमीस निघाल्यास पावणेचारच्या भरतीवर वर जातां येतें. मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या भरतीपाठोपाठ उतरावें. अष्टमीस गेल्यास सकाळीं सहाला वर व सायंकाळीं सहाला परत, दिवस पुरता कामास मिळतो; मात्र पाणी भांगाचें, म्हणून होडी उथळ बुडाची घ्यावी आणि नकलेसाठीं मागून आणलेलीं बाडें मेणकापडांत बांधावीं.